फर्मवेअर फुकट, बाकी सगळ्याचे पैसे

कस्टम फर्मवेअर फुकट असतं. हे वाक्य डोक्यात पक्कं करा आणि मगच दुकानात शिरा. सोनीच्या पीएसपी, व्हिटा या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं असो की ऑनलाइन मिळणाऱ्या चिनी आर३६एसचं, बनवणारे लोक ते इंटरनेटवर मोफत ठेवतात. त्यामुळे ‘सॉफ्टवेअरचे दीड हजार’ असं कोणी सांगितलं, तर तो स्वतःच्या अर्ध्या तासाच्या मजुरीचे दीड हजार मागतोय, हे समजून घासाघीस करा. तुमचा खरा पैसा जातो तो मेमरी कार्ड, बॅटरी, चार्जर, भंडाऱ्याहून नागपूरच्या फेऱ्या आणि काही वेळा हातची गेलेली वॉरंटी यांत.

फर्मवेअर म्हणजे कन्सोल चालू केल्यावर सगळ्यांत आधी जागी होणारी आतली प्रणाली. कंपनीच्या प्रणालीवर किंवा तिच्या जागी दुसऱ्या कोणी लिहिलेली प्रणाली बसवली की ती कस्टम. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे.

पुढचे भाव साधारण आहेत. मेमरी कार्डाचा भाव तर महिन्यागणिक हलतो. खरेदीच्या दिवशी दोन ऑनलाइन दुकानं आणि एक बाजारातलं दुकान, अशा तीन ठिकाणी विचारा.

आधी कारण ठरवा

लोक हे का करतात? कारणं चार-पाचच आहेत आणि तुमचं कारण कोणतं, यावर खर्च ठरतो.

पीएसपीवाल्यांचं कारण सरळ आहे. सोनीने जुलै २०२१ मध्ये पीएसपीवरून खरेदी करण्याची उरलीसुरली सोयही बंद केली. यूएमडी डिस्क वाचणारा भाग जुना होऊन कुरकुरतो आणि डिस्क फिरवताना बॅटरीही जास्त खातो. घरच्या डिस्कची प्रत मेमरी कार्डावर ठेवून खेळता आलं, तर यंत्राचं आयुष्य वाढतं.

व्हिटावाल्यांचं कारण मेमरी कार्ड. सोनीने व्हिटाला स्वतःचंच वेगळं कार्ड दिलं. ते पहिल्यापासून महाग होतं, आता जुन्या बाजारात शोधावं लागतं आणि मिळालं तरी ३२ जीबीला कधी कधी निम्म्या कन्सोलइतकी किंमत सांगतात. कस्टम फर्मवेअर टाकलं की स्वस्त अॅडॉप्टरमधून साधं मायक्रो एसडी चालतं.

निन्टेन्डोच्या थ्रीडीएसचे गेम प्रदेशानुसार बांधलेले असतात. अमेरिकेतल्या कन्सोलवर जपानचं किंवा युरोपचं कार्ट्रिज चालत नाही. शिवाय निन्टेन्डोने त्याचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला विक्रीसाठी बंद केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळही थांबवला. भारतात थ्रीडीएस बहुधा नातेवाइकांच्या बॅगेतून येतो, त्यामुळे ही अडचण इथे जास्त.

आर३६एस, मियू मिनी, अॅन्बरनिक या चिनी यंत्रांवर लोक फर्मवेअर बदलतात ते सोबत आलेली प्रणाली अर्धवट आणि सोबत आलेलं कार्ड रद्दड असतं म्हणून.

निन्टेन्डोच्याच स्विचवाल्यांपैकी बहुतेकांना फुकटात गेम हवे असतात. स्पष्ट बोललेलं बरं. तुमचं कारण तेच असेल, तर खाली कायद्याचा भाग आधी वाचा.

खर्च करण्याआधी दोन तपासण्या

पहिली : काम आधीच झालेलं आहे का? जुनी पीएसपी घेतली असेल, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम सेटिंग्ज आणि त्यात सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. आवृत्तीच्या आकड्यापुढे ‘प्रो’, ‘एलएमई’, ‘एआरके’ असं काही दिसलं, तर आधीच्या मालकाने ते टाकलेलं आहे. व्हिटात आवृत्तीच्या आकड्यापुढे दोन जपानी अक्षरं दिसली तर तेच समजा. जुन्या पीएसपींमध्ये अशा बऱ्याच निघतात. झालेल्या कामाचे पैसे पुन्हा देऊ नका. पीएसपीच्या काही मॉडेलांवर मात्र यंत्र पूर्ण बंद झालं किंवा बॅटरी काढली की कस्टम फर्मवेअर मेमरी कार्डावरून पुन्हा चालू करावं लागतं. तो बिघाड नव्हे. ‘उडालं, पुन्हा टाकावं लागेल’ असं सांगणाऱ्याला पैसे देण्याआधी आयकॉनांच्या यादीत ते चालू करायचं आयकॉन आहे का, ते एकदा बघा.

दुसरी : हे फोनवर भागतं का? पीपीएसएसपीपी हे पीएसपीचं इम्युलेटर, म्हणजे पीएसपीचे गेम फोनवर चालवणारं अॅप, प्ले स्टोअरवर अधिकृतपणे मोफत आहे आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही चांगलं चालतं. तुमच्याकडे स्वतःच्या गेमच्या प्रती असतील आणि हातात खरी बटणं हवीत एवढाच हट्ट असेल, तर ब्लूटूथ कंट्रोलरवर काम होतं. पोराला फक्त जुना फुटबॉल खेळायचा आहे म्हणून तुम्ही पाच हजारांची पीएसपी शोधत असाल, तर आधी एक रविवार फोनवर खेळू द्या.

पीएसपी : बॅटरीत पैसे जातात

जुनी पीएसपी अवस्थेप्रमाणे तीन ते सात हजारांत मिळते. त्यावर फर्मवेअरचा खर्च शून्य. सोनीची शेवटची अधिकृत आवृत्ती ६.६१. आधी तिथपर्यंत किंवा ६.६० पर्यंत अपडेट करायचं, मग एआरके-४ सारखं कस्टम फर्मवेअर कार्डावर कॉपी करून चालवायचं. फाइल काही एमबीची. संगणक येणाऱ्याला अर्धा तास लागतो.

अडतं ते बॅटरीवर. पीएसपी चार्जरला जोडून बॅटरीशिवाय चालते, पण अधिकृत अपडेट मात्र पुरेशी चार्ज असलेली बॅटरी आत नसेल तर सुरूच होत नाही. आणि पंधरा वर्षांची बॅटरी भंडाऱ्याच्या मे महिन्यात काय होते, ते मागचं झाकण सांगतं : ते उचललेलं दिसतं. झाकण उचललेलं असेल किंवा नीट बसत नसेल, तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका. नवी बॅटरी पाचशे ते हजार रुपयांत येते. पहिल्या जाड मॉडेलची, म्हणजे १०००ची बॅटरी वेगळी. २००० आणि ३०००ची पातळ, ती आपसात चालते. मागवताना मॉडेल क्रमांक यंत्रावर वाचून घ्या. ‘सोनी ओरिजिनल’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. पीएसपी बंद होऊन दशक उलटलं. खरी ओरिजिनल असेल तर तीही तेवढीच जुनी, आणि नवी असेल तर ती ओरिजिनल नाही.

दुसरा खर्च कार्डाचा. पीएसपीला मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते. ती शोधत बसू नका. मायक्रो एसडी आत बसवायचं अॅडॉप्टर दीडशे ते चारशेत मिळतं. त्यात ३२ जीबीचं नामांकित कंपनीचं मायक्रो एसडी टाका. दोन कार्डं बसणारं अॅडॉप्टरही मिळतं, ते टाळा : एक कार्ड बिघडलं की दोन्हींवरचा डेटा जातो. कार्ड बसवल्यावर फॉरमॅट पीएसपीच्याच सेटिंग्जमधून करा, संगणकावर नको. फोल्डर आपोआप योग्य तयार होतात.

वायफायवरून अपडेट करू म्हणाल, तर बहुधा जमत नाही. पीएसपीचं वायफाय जुन्या पद्धतीचं आहे आणि आजच्या घरच्या राउटरच्या सुरक्षेला ते जोडलं जात नाही. फाइल संगणकावरून कार्डात टाकायची. कार्ड रीडर शंभर ते तीनशे, किंवा घरात पडलेली मिनी यूएसबीची केबल : फोनची नव्हे, जुन्या कॅमेऱ्याची असते ती.

बेरीज करा. पीएसपी हातात असेल, तर बॅटरी, अॅडॉप्टर, कार्ड आणि रीडर मिळून बाराशे ते दोन हजार. याहून जास्त कोणी सांगितलं, तर प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून मागा.

चिनी यंत्रं : कार्ड फेकायच्या तयारीने घ्या

त्यांतलं सध्या भरपूर खपणारं म्हणजे आर३६एस. साडेतीन इंची पडदा, ६४० बाय ४८० चित्र, दोन मायक्रो एसडीच्या खाचा. किंमत तीन ते पाच हजार. जाहिरातीत ‘पंधरा हजार गेम आत’. ते गेम विकणाऱ्याचे नाहीत, ती विनापरवाना प्रतींची भर आहे. ६४ जीबी आणि १२८ जीबीच्या मॉडेलमध्ये जो फरक घेतात, तो निव्वळ त्या कार्डाचा. आणि ते कार्ड बेनामी असतं. काही महिन्यांत वाचता येईनासं होतं आणि सोबत तुमचे सेव्हही घेऊन जातं. म्हणून लहान क्षमतेचं मॉडेल घ्या आणि नामांकित कंपनीची दोन कार्डं वेगळी घ्या : प्रणालीसाठी १६ किंवा ३२ जीबीचं, गेमसाठी ६४ जीबीचं. दोन्हींचे मिळून नऊशे ते सतराशे रुपये धरा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. आर३६एसमध्ये प्रणाली कार्डावर असते, यंत्राच्या आत नाही. म्हणजे नव्या कार्डावर चुकलात तरी यंत्र मरत नाही. जुनं कार्ड परत घातलं की पहिल्यासारखं. त्यामुळे हे काम दुकानात देण्याचं कारण नाही, घरी करा.

क्रम असा. विकणाऱ्याचं कार्ड काढून त्याची पूर्ण प्रतिमा संगणकावर घ्या, मग ते पाकिटात घालून ठेवा. परतीची मुदत संपेपर्यंत त्याला हात लावू नका, कारण माल परत करताना तेच कार्ड तसंच्या तसं मागतात. मग आर्कओएस, रॉकनिक्स यांपैकी तुमच्या मॉडेलला चालणारी प्रणाली उतरवा. मियू मिनीला ओनियन ओएस आणि अॅन्बरनिकच्या आरजी३५एक्सएक्सला गार्लिक ओएस किंवा म्यूओएस. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. मोठ्या प्रणालीची फाइल एखाद-दोन जीबीच्या घरात जाते. मोबाइल डेटावर उतरवणार असाल, तर दिवसभराचा पॅक त्यातच संपतो. रूफस किंवा एचर हे मोफत साधन वापरून ती कार्डावर लिहा. लिहायला दहा-पंधरा मिनिटं.

इथे तीन खड्डे आहेत.

आर३६एसमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांचे पडदे लावलेले असतात. चुकीच्या पडद्याची फाइल गेली की आवाज येतो पण पडदा काळाच राहतो. घाबरू नका. विकणाऱ्याच्या कार्डातल्या, नावाच्या शेवटी डीटीबी असलेल्या फाइल जपून ठेवा, त्यांवरून तुमचा पडदा कोणता ते कळतं. प्रतिमा आधी घ्यायची ती यासाठीच.

नवं कार्ड विंडोजच्या संगणकात घातलं की ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी उघडते, कधी दोन-तीनदा. प्रत्येक वेळी रद्द करा. विंडोजला त्या कार्डाचे काही भाग वाचता येत नाहीत, म्हणून ती विचारते. एकदा ‘हो’ दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा खड्डा नकलेची नक्कल. आर३६एसच्या नावाने वेगळ्याच सर्किटची यंत्रं विकतात, त्यांना ही फर्मवेअरं चालत नाहीत. पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे चालू यंत्राच्या मेनूचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. डब्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता आहे का ते पाहा. व्हिडिओ गेमसाठी ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक खरा की खोटा ते बीआयएस केअर या अॅपवर फुकट तपासता येतं. कितीतरी विक्रेते इथेच गळतात.

कार्डाबद्दल अजून एक. ‘एक टीबी, पाचशे रुपये’ असं कार्ड जगात नाही. आतून ते ८ किंवा १६ जीबीचं असतं आणि खोटा आकडा दाखवतं. नवं कार्ड आलं की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने तपासा. ६४ जीबीला दोन तास धरा. परतीची मुदत चालू असतानाच तपासा.

व्हिटा आणि थ्रीडीएस, थोडक्यात

व्हिटाची शेवटची आवृत्ती ३.७४. तिच्यावरही आता कस्टम फर्मवेअर चालतं, त्यामुळे ‘जुन्या आवृत्तीचा पीस आहे, दोन हजार जास्त’ हे ऐकून घेऊ नका. लागतं ते अॅडॉप्टर, दोनशे ते पाचशे रुपये, आणि मायक्रो एसडी. हे अॅडॉप्टर गेम कार्डाच्या खाचेत बसतं. म्हणजे तुमच्याकडे व्हिटाची खरी कार्ट्रिजं असतील, तर ती लावायला दरवेळी अॅडॉप्टर काढावं लागणार, आणि ते काढलं की त्यावरचं काही दिसणार नाही. दुकानदार हे आधी सांगत नाहीत. पहिल्या मॉडेलचा, म्हणजे पीसीएच-१०००चा चार्जिंग पिन वेगळाच असतो. २००० मॉडेलला साधी मायक्रो यूएसबी चालते. जुनं घेताना २००० घ्या, चार्जरची धावपळ वाचते.

थ्रीडीएसचं सगळ्यांत महाग काम फर्मवेअरचं नाही, चार्जरचं आहे. अमेरिकेतून आतेभावाने आणलेला मूळ चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट’पुढे फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नका. लावलात तर चार्जर जळतो आणि कन्सोलही जाऊ शकतं. जपानचा १०० व्होल्टचा, तोही नको. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर निर्धास्त लावा. नाहीतर थ्रीडीएसची यूएसबी चार्जिंग केबल दीडशे-तीनशेत मिळते, ती फोनच्या अडॉप्टरवर चालते. फर्मवेअर स्वतः करणार असाल, तर पहिल्या पायरीला आतल्या मेमरीची प्रत घ्या आणि ती संगणकावर व पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवा. पुढे बिघडलंच, तर दुरुस्ती तिच्यावरूनच होते.

व्हिटा आणि थ्रीडीएस या दोन्हींत काम यंत्राच्या आतल्या मेमरीत होतं. अध्ये-मध्ये यंत्र बंद पडलं तर ते कायमचं झोपू शकतं. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावून ठेवा, फाइली तयार करताना डेस्कटॉपऐवजी भरलेला लॅपटॉप वापरा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चार ते आठमध्ये हे काम काढू नका. लाइन कधी जाईल ते भंडारा जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही.

स्विच : इथे थांबा

निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही. जो मिळतो तो बाहेरून आलेला, दुकानदाराच्या तोंडी हमीवर. २०१८च्या मध्याआधीचे पहिले नगच बिनासोल्डरिंगचे बदलता येतात. ते अनुक्रमांकावरून ओळखतात. त्यानंतरच्या प्रत्येकात चिप सोल्डर करावी लागते. त्याचे नागपुरात तीन ते आठ हजार सांगतात. काम बारीक आहे, भिंगाखालचं आहे, आणि हात चुकला तर कन्सोल मेलं. ‘गॅरंटी आहे’ म्हणणाऱ्याला एकच विचारा : बोर्ड गेला तर नवीन कन्सोल देणार का, आणि ते बिलावर लिहून देणार का? उत्तर ऐका आणि निघा.

चिप लावलेलं कन्सोल निन्टेन्डोच्या नजरेत आलं, तर ऑनलाइन सेवांतून ते यंत्रच कायमचं काढून टाकतात. तुम्ही नवं खातं उघडलंत तरी उपयोग नाही. मे २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या करारात बदल करून यंत्र निकामी करण्याचा अधिकारही लिहून घेतला. जुना स्विच विकत घेणार असाल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर त्याला तुमच्या मोबाइल हॉटस्पॉटला जोडा आणि ईशॉप उघडून पाहा. उघडलं नाही तर बंदी घातलेला नग असू शकतो. अर्ध्या किमतीतही घेऊ नका.

कुठे जायचं

बॅटरी, चार्जिंग पिन, अॅनालॉग स्टिक, बटणांचं रबर ही कामं भंडारा, तुमसर, साकोलीतला चांगला मोबाइल दुरुस्तीवाला करून देतो. सुटा भाग तुम्ही ऑनलाइन मागवून घेऊन जा, बसवण्याची मजुरी दोनशे-तीनशे. भाग आणून ठेवायला तो तयार नसतो, कारण महिन्यात एक गिऱ्हाईक.

कन्सोलचंच काम करणारे नागपुरात, बहुतेक सीताबर्डीच्या बाजारात आणि आजूबाजूला. भंडाऱ्याहून एसटीने साठ-पासष्ट किलोमीटर, दीड ते दोन तास, साध्या बसचं एका बाजूचं तिकीट शंभराच्या वर. महिलांना अर्धं. बस पारडीकडून शहरात शिरते. पारडीला उतरता आलं, तर प्रजापतीनगरहून मेट्रोने थेट सीताबर्डी, ऑटोचे पैसे वाचतात. रेल्वेने जाणार असाल, तर भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे हे विसरू नका. शहरातून तिथपर्यंतचा ऑटो धरला की रेल्वेचं स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. तुमसरकरांना तुमसर रोडहून गाडी सोयीची. पवनीवाल्यांनी भंडाऱ्याला यायचं कारण नाही, भिवापूर-उमरेडवरून थेट नागपूर गाठा.

जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. हे मॉडेल करता का? आज देता का? एकूण किती? आमचं कार्ड चालेल का? फर्मवेअरचं काम अर्ध्या-एक तासाचं आहे. ‘ठेवून जा, तीन दिवसांनी या’ म्हणाले तर तो वेळ रांगेचा आहे, कामाचा नाही. दुसऱ्या फेरीचे अडीचशे रुपये आणि एक रजा तुमच्या खिशातून जाणार. समोर बसून करून देणारा शंभर जास्त घेत असेल तरी तोच स्वस्त.

यंत्र ठेवावंच लागलं, तर पावती घ्या. तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक, काय बिघाड, ठरलेली रक्कम, परत देण्याची तारीख. तुमचं मेमरी कार्ड आणि गेम काढून घ्या, त्याच्या कार्डावर काम करू द्या. सोनी किंवा निन्टेन्डो खात्याचा पासवर्ड देऊ नका, कोणत्याही फर्मवेअरला तो लागत नाही. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी’ ही सूट घेऊ नका. पुढे भांडायची वेळ आली, तर त्या दोनशे रुपयांत तुम्ही पुरावा विकलेला असतो. आणि ‘सोबत शंभर गेम टाकून देतो, पाचशे द्या’ याला नाही म्हणा.

जुनं यंत्र व्यक्तीकडून घेताना मूळ बिल मागा. नसेल तर साध्या कागदावर विकल्याची नोंद, अनुक्रमांक, रक्कम, सही, आणि पैसे यूपीआयने. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. माहीत नव्हतं हे दाखवायला तो कागद लागतो.

कायद्यात काय बसतं

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शब्द ‘हेतू’ हा आहे. यंत्रावर दुसरी प्रणाली टाकणं, स्वतः लिहिलेला किंवा मोफत दिलेला गेम चालवणं यात तो हेतू नाही. कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रामची, तो नष्ट झाला तर हाताशी असावी म्हणून प्रत ठेवायला कलम ५२ मुभा देतं. पण मग मूळ डिस्क जवळ ठेवा. प्रत ठेवून डिस्क विकलीत, तर ती मुभा तुम्हाला लागू होत नाही.

विनापरवाना प्रत आहे हे माहीत असून संगणकीय प्रोग्राम वापरणं कलम ६३ब मध्ये येतं : सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. कार्ड भरभरून विकणाऱ्याला ती सवलत नाही. कॉलेजातलं तुमचं पोरगं मित्रांना पीएसपी ‘लोड करून’ देत असेल आणि त्याचे पैसे घेत असेल, तर ते धंद्यातच मोजलं जाईल. त्याला आजच सांगा.

फसलात तर

ऑनलाइन घेतलं असेल, तर पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, लेबलपासून यंत्र चालू होईपर्यंत. माल परत पाठवताना लिथियम बॅटरी यंत्रातच राहू द्या, सुटी बॅटरी टपालाने पाठवता येत नाही. आधी वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, कॉल मोफत, मराठीत बोलता येतं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण कंपन्यांना ही नोंद नको असते.

तरीही नाही, तर भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. जोडायचं ते : बिल, पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेला संवाद, पार्सलचा व्हिडिओ, ओळखपत्र, शपथपत्र. मुदत वाद सुरू झाल्यापासून दोन वर्षं. कायदा निकालाला तीन महिने सांगतो, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात. फर्मवेअर तुम्ही बदललं असेल, तर विक्रेता पहिल्या तारखेला तेच पुढे करणार. पाकिटात जपून ठेवलेलं त्याचं मूळ कार्ड तेव्हा काढा आणि बिघाड त्याच कार्डावर दाखवा.